मुशीच्या पाण्यातला वाटाड्या



मागच्या वेळी आपण घाटवाटांवर बोललो होतो. मढे घाट, उपांड्या, वरंध. व्याख्यान संपलं, खुर्च्या आवरायला सुरुवात झाली, तेवढ्यात वेल्ह्याकडचा एक कॉलेजातला मुलगा पुढे आला. नुकताच मित्रांबरोबर मालवणला जाऊन आला होता. स्कूबा केलं होतं. म्हणाला, "सगळं बघितलं, पण शार्क काही दिसला नाही. आपल्याकडे शार्कबरोबर पाण्यात उतरता येतं का हो? आणि पूर्वी कुणी उतरायचं का?"

आम्ही त्याला तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिलं. घरी आल्यावर वाटलं, हा प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नाही. म्हणून आजचा विषय तोच घेतला. भोरमध्ये बसून शार्कवर काय बोलायचं, असं काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतंय. तर सुरुवात तिथूनच करू.

इथून समुद्र किती लांब

मढे घाटाच्या तोंडाशी पावसाळ्यात उभे राहा. पावसाचा एक थेंब कड्याच्या अलीकडे पडतो. तो कानंदी, गुंजवणी, नीरा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळतो. त्याच्या शेजारचा थेंब कड्याच्या पलीकडे पडतो. तो सावित्रीच्या खोऱ्यात जाऊन बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो. दोन्ही थेंब शेवटी खाऱ्या पाण्यातच जातात. एकाला सगळं पठार ओलांडावं लागतं, दुसऱ्याला दोन-चार दिवस पुरतात. आपण राहतो ते या दोघांच्या मधल्या धारेवर.

माणसांचंही तसंच होतं. घाटाखालून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, वरून धान्य खाली जायचं. भोर संस्थानाचा नकाशा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, पंतसचिवांच्या मुलखात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ हे तालुके होते, आणि पाचवा तालुका होता सुधागड. तो घाटाखाली, पालीकडे. म्हणजे ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत भोरच्या कचेरीत कोकणाचाही कारभार चालायचा. समुद्र आपल्या दारात नव्हता. परसात मात्र होता, असं म्हणायला हरकत नाही.

राजगडावरून समुद्र

आता मोठी गोष्ट. ज्याला आज आपण वेल्हे तालुका म्हणतो, आणि २०२४ मध्ये ज्याला राजगड हे नाव द्यायचा निर्णय झाला, त्या तालुक्यातल्या राजगडावर सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होती. आपण राजगड म्हटलं की पद्मावती माची, सुवेळा, संजीवनी, बालेकिल्ला हे सांगतो. एक गोष्ट सांगायची राहून जाते. मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली तेव्हा राजधानी इथे होती. कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर, १६५७ ते १६५९ च्या दरम्यान, तिथे जहाजं बांधायला घेतली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. तेव्हाही राजधानी राजगडच.

आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः मालवणहून गलबतात बसून बसरूरच्या स्वारीवर गेले. डोंगरात वाढलेला माणूस, मावळातला राजा, किनारा सोडून उघड्या समुद्रावर. या घटनेचा आपण मोहीम म्हणून अभ्यास करतो. आज आम्हाला तिच्याकडे दुसऱ्या बाजूने बघायचंय. ज्याला पाण्याची माहिती नाही, त्याने पाण्यात जायचं ठरवलं तर तो काय करतो?

तो वाटाड्या घेतो.

मराठी आरमारात जी नावं येतात ती बघा. मायनाक भंडारी. दौलतखान. इब्राहिमखान. खलाशी कोण? कोळी, भंडारी, गाबीत. म्हणजे मावळ्यांनी समुद्र जिंकला असं जे आपण सरधोपट म्हणतो ते अर्धंच खरं आहे. मावळातल्या राज्याने समुद्र जाणणाऱ्यांवर विश्वास टाकला, त्यांच्या हातात सुकाणू दिलं, हे उरलेलं अर्धं. घाटात जसा महादेव कोळी किंवा धनगर पुढे चालतो आणि फौज मागे, तसंच पाण्यात. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळं प्रकरण आलं, आणि आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग मानलं गेलं. डोंगरातल्या राज्याने साठ वर्षांत शिकलेला हा धडा होता.

याच पाण्यात नंतर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे उतरले आणि विजयदुर्ग, सिंधुदुर्गाच्या आसपास त्यांनी जुने दगडी नांगर शोधले. इतिहास गडावरच असतो असं नाही, तो तळाशीही पडलेला असतो. फक्त तिथे जायला श्वास पुरवावा लागतो.

मुशी, मोरी आणि शार्कोफेरॉल

शार्क हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, सिनेमातून पक्का झाला. प्राणी मात्र आपल्या ओळखीचा आहे. कोकणात त्याला मुशी म्हणतात, मोरी म्हणतात. हातोड्यासारखं डोकं असलेली ती कानमुशी. मालवणी खानावळीत पाटीवर 'मोरीचं मटण' लिहिलेलं असतं ना, ते मटण नाही. तो शार्क आहे. कित्येकांनी शार्क खाल्लेला असतो आणि त्यांना पत्ता नसतो.

आणि जे कोकणात कधी गेलेच नाहीत, त्यांच्याही घरात शार्क येऊन गेलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचं तेल परदेशातून यायचं थांबलं. मुलांना, अशक्त माणसांना अ जीवनसत्त्व कुठून द्यायचं? तेव्हा मुंबई आणि मद्रास इलाख्यात मुशीच्या यकृताचं तेल काढण्याचं काम वाढलं. इथे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना 'शार्कोफेरॉल' आठवत असेल. बघा, हसताहेत. नावातच शार्क होता. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्या माणसाला चमचा चमचा द्यायचे.

तेव्हा आपलं या प्राण्याशी नातं काय, तर जाळं, टोपली, तवा आणि औषधाची बाटली. त्याच्या घरी जाऊन त्याला बघायचं, ही कल्पनाच नव्हती. आणि का असावी? ज्याच्या होडीखाली मुशी फिरते त्याला हौस नसते. हौस किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्याला असते.

पण एक जागा अशी होती जिथे माणसं शेकडो वर्षं, दरवर्षी, मुद्दाम शार्कच्या पाण्यात उतरत होती. आणि बरोबर वाटाड्या घेऊन.

समुद्र बांधणारी माणसं

भारत आणि श्रीलंका यांच्या मधलं मन्नारचं आखात. तिथे मोत्यांच्या शिंपल्यांचे थर आहेत. वसंतात समुद्र शांत झाला की मोत्यांचा हंगाम लागायचा. पाणबुड्या पायाखाली जड दगड घ्यायचा, कमरेला जाळीची पिशवी, हातात दोरी. दगडाच्या वजनाने झपकन तळाला. एखाद्या मिनिटात हाताला लागतील तेवढे शिंपले पिशवीत भरायचे, दोरीला हिसका द्यायचा, वर होडीतला जोडीदार ओढून घेणार. ना काच, ना नळकांडं. एका दमाचा खेळ.

आणि त्या पाण्यात मुशी असायच्या.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या भागातून गेला. त्याने लिहून ठेवलंय की मोत्यांचे व्यापारी राजाला दहावा हिस्सा द्यायचे, आणि विसावा हिस्सा द्यायचे मोठ्या माशांना मंत्राने बांधून ठेवणाऱ्या माणसांना, म्हणजे मासे पाणबुड्यांना इजा करणार नाहीत. पुढची गंमत ऐका. हा मंत्र दिवसापुरताच असायचा. संध्याकाळी तो सोडून द्यायचे. का? तर रात्री कुणी चोरून शिंपले काढू नयेत म्हणून. म्हणजे शार्क रात्रीचा पहारेकरी झाला!

ही पद्धत मार्को पोलोबरोबर संपली नाही. पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणातही ही माणसं आहेत. तमिळमध्ये त्यांना कडल-कट्टी म्हणत, म्हणजे समुद्र बांधणारा. जेम्स इमर्सन टेनंट या अधिकाऱ्याने १८५९ मध्ये सिलोनवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात तो सांगतो की सरकार या शार्क बांधणाऱ्यांना पगार देत असे. का देत असे? इंग्रजांचा मंत्रावर विश्वास होता म्हणून? अजिबात नाही. कडल-कट्टी हजर नसला तर पाणबुडे पाण्यात पाय टाकायला तयार नसत. हंगाम बुडाला असता. महसूल बुडाला असता.

आता तुम्ही म्हणाल, ही अंधश्रद्धा. आम्हीही आधी तसंच म्हणालो. पण जरा थांबा, आणि काय घडत होतं ते बघा. कडल-कट्टी किनाऱ्यावर उभा राहून हंगाम सुरू करायचा. तो नाही म्हणाला की त्या दिवशी बुड्या बंद. सगळ्या होड्या एका वेळी, एका जागी, दिवसाउजेडी. शेकडो होड्या, हजारो माणसं, दोऱ्या, दगड, आरडाओरडा. इतक्या गोंगाटात मुशी जवळ येण्याऐवजी लांब जाण्याचीच शक्यता जास्त. आणि अंधारात, एकट्यादुकट्याने, चोरून बुडी मारणं बंद. आज शार्कच्या पाण्यात उतरण्याचे जे नियम शिकवतात त्यांची यादी काढली तर काय निघतं? एकटं जाऊ नका. पहाटे आणि सांजवेळी जाऊ नका. गढूळ पाण्यात जाऊ नका. वाटाड्याने नाही म्हटलं की उतरू नका. मंत्राचं माहीत नाही, पण मंत्राभोवती जी शिस्त होती ती आजच्या नियमांच्या फार जवळची होती. कडल-कट्टी मुशींना बांधत होता की नाही कोण जाणे, माणसांना मात्र नक्की बांधत होता.

दोरी सुटली

पुढचा टप्पा भराभर घेऊ. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून, लागेल तेवढीच हवा देणारं यंत्र जुळवलं. माणूस दोरीशिवाय, मोकळा, माशासारखा पोहू लागला. पण माणूस मोकळा झाला म्हणजे शहाणा झाला असं नाही. कुस्तोच्या १९५६ च्या गाजलेल्या माहितीपटात एक प्रसंग आहे. जखमी देवमाशाच्या पिल्लाभोवती शार्क जमतात आणि बोटीवरची माणसं चिडून त्या शार्कना ओढून काढून मारतात. त्या काळी बघणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शार्क म्हणजे शत्रू, एवढंच गणित होतं.

दुसरा माणूस रॉडनी फॉक्स. ऑस्ट्रेलियातला. डिसेंबर १९६३ मध्ये भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत त्याला मोठ्या पांढऱ्या शार्कने पकडलं. साडेचारशेच्या वर टाके पडले. तो वाचला, आणि नंतर त्यानेच पाण्यात लोखंडी पिंजरा सोडून आतून शार्क बघण्याची पद्धत रुजवली. ज्याला शार्कने चावलं तोच शार्क दाखवणारा वाटाड्या झाला. १९७५ मध्ये 'जॉज' आला आणि जगभर माणसं कमरेएवढ्या पाण्यातही घाबरायला लागली. ज्याच्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला, तो पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्क वाचवा म्हणून सांगत फिरला.

भीतीचे आणि वस्तुस्थितीचे आकडे शेजारी ठेवू. जगभरात वर्षाला माणसाने न डिवचता शार्कने चावल्याच्या घटना साधारण साठ-सत्तर. मृत्यू पाच-सहाच्या आसपास. उलट बाजूला, माणूस मासेमारीत वर्षाला मारतो ते शार्क कोटींमध्ये मोजावे लागतात. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली.

चावत नाही असं मात्र कुणी समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत, एका मच्छीमाराचा पाय शार्कने पकडला. समुद्रापासून इतक्या आत! काही जाती खाडीतून, नदीतून वर येतात. प्राणी जंगली आहे. त्याला देव करू नका आणि राक्षसही करू नका, एवढंच म्हणणं.

मालवणला आम्ही काय पाहिलं

त्या मुलाने विचारल्यावर आम्ही तिघं-चौघं मालवणला गेलो. वय झालेलं, पण म्हटलं बघू. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर खासगी बोटीही पुष्कळ. आम्हाला पाण्यात नेणारा मुलगा तिथल्याच मच्छीमाराच्या घरातला. वडील रापणीला जायचे, हा सिलिंडर पाठीवर बांधून माणसं खाली नेतो.

उतरण्याआधी त्याने चार गोष्टी सांगितल्या. श्वास कधीही रोखायचा नाही. कान दुखले तर नाक दाबून हवा फुंकायची, तरी दुखले तर हाताने सांगायचं, पुढे जायचं नाही. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' असा नाही, 'मला वर ने' असा आहे. आणि कशालाही हात लावायचा नाही. आमच्यातल्या एकाने गमतीने अंगठा वर केला आणि त्याला खरोखरच वर आणून सोडलं! वाटाड्याची भाषा आपण शिकायची असते, त्याने आपली नाही, हे त्या दिवशी कळलं.

खाली छोटे रंगीत मासे होते, खडक होते, हिरवट उजेड होता. शार्क नव्हता. मुलगा म्हणाला, इथे पर्यटकांना नेतो त्या उथळ पाण्यात सहसा दिसत नाही. हौशी मंडळी त्यासाठी अंदमानला, लक्षद्वीपला, मालदीवला जातात. तिथे वाटाड्या दाखवतो तसं करायचं. घोळक्यात राहायचं, चमकणारे दागिने काढून ठेवायचे, शार्ककडे तोंड करून शांत राहायचं, मागे लागायचं नाही, वाट अडवायची नाही. आपल्याच किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून लांब, विजयदुर्गच्या पश्चिमेला, समुद्राखाली एक विस्तीर्ण पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. तिथे प्रवाळ आहे. पण ते काही सहलीला जायचं ठिकाण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शार्क भेटला. मासळीच्या लिलावात. हातभर लांबीच्या मोऱ्या, एकावर एक रचलेल्या, डोळे उघडे. आदल्या दिवशी ज्याला बघायला पाण्यात उतरलो, तो टोपलीत. आम्ही काही बोललो नाही. कारण विकणारी बाई बसली होती तिचं त्यावर घर चालतं, आणि दुपारी आम्ही ज्या खानावळीत जेवणार होतो तिथे पाटीवर तेच लिहिलेलं होतं.

इथे खरा पेच आहे. पापलेट एका वेळी ढिगाने अंडी घालतं. मुशी उशिरा वयात येते, मोजकी पिल्लं देते. काढायचा वेग वाढला की ती भरून येत नाही. कायद्याने काही पावलं टाकली. मे २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. असं संरक्षण मिळालेला तो देशातला पहिला मासा. त्याच वर्षी आणखी काही जातींना संरक्षण मिळालं. फेब्रुवारी २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. पण सगळ्या मुशी काही संरक्षित नाहीत, आणि जाळ्याला जात कळत नाही.

कायदा वरून आला की काय होतं तेही मालवणने पाहिलंय. १९८७ मध्ये तिथे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. हेतू चांगला. पण ज्यांच्या होड्या त्या पाण्यात रोज फिरतात त्यांना वाटलं, आपल्याला न विचारता आपलं पाणी कागदावर दुसऱ्याचं झालं. विरोध झाला, वर्षानुवर्षं राहिला. धरणं आणि त्यांच्या मागचे कागद पाहिलेल्या तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

याच्या उलट एक उदाहरण फिजी बेटांवरचं. तिथे बेका खाडीत, या शतकाच्या सुरुवातीला, गावांनी आपल्या हक्काच्या खडकावर मासेमारी थांबवायचं ठरवलं. बदल्यात शार्क बघायला उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून गावाला ठराविक रक्कम मिळते. वाटाडे गावचे, पाणी गावचं, निर्णय गावचा. पलाऊ या दुसऱ्या बेटराष्ट्राचा हिशेब तर प्रसिद्ध आहे. तिथला एक जिवंत शार्क पर्यटनातून आयुष्यभरात सुमारे १९ लाख डॉलरची कमाई देतो, असा अभ्यासकांनी अंदाज काढला. टोपलीतल्या मुशीचा भाव आणि हा भाव, तुलना तुम्हीच करा.

आपल्याकडेही एक पाऊल चांगलं पडलं. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई द्यायची, २५ हजार रुपयांपर्यंत. त्यातून कासवं सुटली, व्हेल शार्कही सुटले. इथे मच्छीमाराला गुन्हेगार धरलेलं नाही, जोडीदार धरलंय. जाळ्याची किंमत त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकलेली नाही.

भाटघरचं पाणी

आता शेवटचं, आणि आमच्या मते आजचं सगळ्यात महत्त्वाचं. इतका वेळ दूरच्या समुद्रावर बोललो. पण भोर-वेल्ह्याला खोल पाणी नाही असं कोण म्हणेल? भाटघर आहे. नीरा-देवघर आहे. गुंजवणी आहे. पानशेत, वरसगाव आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते पुण्याला लक्षात आहे. पण त्याच्या आधी त्या पाण्याखाली गेलेली वेल्ह्याची शेतं, देवळं, चुली फक्त तुमच्या घरात लक्षात आहेत.

धरणाआधी नदी होती तेव्हा प्रत्येक डोहाला नाव होतं. अमुक डोहात भोवरा आहे, तमुक डोहात पोरं सोडू नका, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असायचं. नदीचे वाटाडे गावात होते. मग पाणी चढलं. डोह, विहिरी, बांध, सगळं एका सपाट निळ्या पाण्याखाली गेलं. वरून दिसतं शांत. खाली कुठे जुनी विहीर, कुठे पडकी भिंत, कुठे मांडीभर गाळ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठ बदलतो, काल जिथे पाय टेकत होता तिथे आज टेकत नाही. नदीची माहिती नदीबरोबर बुडाली, आणि धरणाच्या पाण्याची माहिती देणारा कुणी तयार झाला नाही.

मे २०२२ मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच दिवशी पाच महिला बुडाल्या. इथे बसलेल्या कित्येकांना तो दिवस आठवत असेल. त्या पाण्यात शार्क नव्हता. दर उन्हाळ्यात, दर सुट्टीत, पुण्या-मुंबईची पोरं येतात, काठावर गाड्या लावतात, पाण्यात उड्या मारतात. मग आपल्यातलीच काही मुलं, ज्यांना पाणी कळतं, ती दोर आणि ट्यूब घेऊन निघतात. बहुतेक वेळा ती पोहोचतात तेव्हा वाचवायला कुणी उरलेलं नसतं, शोधायचंच असतं. आपण त्यांचं कौतुक करतो, सत्कार करतो, नारळ देतो. पण त्यांना माणूस बुडाल्यावर बोलावतो. वाटाड्याला बुडण्याआधी बोलवायचं असतं.

म्हणून आम्ही त्या मुलाला आज उत्तर देतो. हो, पूर्वी माणसं मुशीच्या पाण्यात उतरायची, आजही उतरतात. जिथे नीट उतरतात तिथे दोन गोष्टी असतात. पाणी जाणणारा माणूस पुढे असतो, आणि त्याने 'आज नाही' म्हटलं की बाकीचे ऐकतात. मन्नारला त्याला विसावा हिस्सा मिळायचा. फिजीत गावाला पैसा मिळतो. भाटघरच्या काठावर त्याला काय मिळतं?

मालवणची मुलं शिकली, तशी इथली शिकू शकतात. पोहणं, बुडणाऱ्याला काढणं, प्रथमोपचार, सिलिंडर घेऊन खाली जाणं. प्रत्येक काठावरच्या गावात अशी चार मुलं-मुली असावीत, त्यांना मानधन असावं, आणि 'इथे उतरू नका' हे सांगायचा अधिकार असावा. ग्रामसभेत मांडता येईल असा हा विषय आहे. धुणं धुवायला काठावर जाणाऱ्या बायकांना पोहायला शिकवणं, हा तर त्याहून आधीचा विषय. साडी नेसून काठावर जाणाऱ्या बाईला पोहणं येत नाही हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्याचा कुणी प्रश्नच केला नाही.

जाता जाता एक सांगतो. मागच्या आठवड्यात तो वेल्ह्याचा मुलगा पुन्हा भेटला. पुढच्या सुट्टीत मालवणला जाऊन पाणबुड्याचं प्रशिक्षण घ्यायचं म्हणतोय. आम्ही विचारलं, शार्क बघायला का? म्हणाला, "शार्क दिसला तर बघीनच. पण आधी आमच्या धरणाच्या तळाला काय आहे ते बघायचंय. आमचं जुनं घर तिथे आहे."

घरचे काय म्हणतात, ते त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. एवढंच सांगितलं, एकटा उतरू नकोस.

इथेच थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर आपण खाली चहा घेता घेता बोलू. नमस्कार.